दोन रेघांची डबी

७ डिसेंबर, रविवार

लिहायला फार उशीर झाला, माफ करावं. माफी कोणाकडे मागतो आहे हे मलाच नीट ठाऊक नाही. या डायरीकडेच म्हणायचं. माझी नात देवश्री, तिने दिवाळीत ही दिली. पहिल्या पानावर रंगीत पेनाने ‘आबा की डायरी’ असं लिहिलं आणि रोज लिहीन म्हणून माझ्याकडून कबूल करून घेतलं. दिवाळी केव्हाच होऊन गेली. पेन उघडलं की वाटायचं, सातवी शिकलेल्या माणसाने काय लिहावं? सगळा जन्म रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेला. तिथे लिहिणं म्हणजे कामाच्या कागदावर ‘झाले’ आणि खाली सही, अनंतराव ढोमणे.

आज लिहायला बसलो, कारण मागच्या रविवारचं कोणाशी बोलवत नाही.

देवू नऊ वर्षांची आहे. तिला फल्लीदाणा चालत नाही. पुस्तकात शेंगदाणा म्हणतात, आमच्याकडे फल्ली. जरासा पोटात गेला तरी पोट्टीचा घसा सुजतो, श्वास अडकतो. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आमच्या घरात फल्ली नाही, कूट नाही, चिक्की नाही. नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात येऊन राहिलो तरी वर्ध्याकडच्या माणसाला कुटाशिवाय भाजी म्हणजे काय, ते वर्ध्याकडचाच जाणे. पण जमवलं.

त्या दिवशी माझा मुलगा पराग आणि सूनबाई भिलाईला लग्नाला गेले होते. घरकामाला येणाऱ्या शारदाबाईने स्वयंपाक केला, वरण-भात आणि पत्ताकोबी. देवू जेवली. मी गच्चीवर उन्हात बसून गुडघ्यांना तेल चोळलं, आणि मग तिला संत्रं सोलून दिलं. तिला फोडीवरचं साल चालत नाही. एकेक फोड नखाने चिरून, बी काढून, नुसता गर द्यावा लागतो. या घरात हे काम माझं. मग उन्हाने सुस्ती आली आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा देवू समोर उभी होती. ओठ सुजलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या. म्हणाली, “आबा, गले में कुछ हो रहा है.”

फ्रिजमध्ये औषधाची काचेची बाटली आणि सुई ठेवलेली आहे. बाटलीची मान मोडून औषध सुईत ओढायचं, मांडीत टोचायचं. सूनबाईने मला तीनदा दाखवलं होतं. मी वॅगनचे जाम झालेले नट खोललेला माणूस. माझ्या हातून ती बाटली पडली. फुटली.

शारदाबाईने भांडी तशीच टाकली, पोट्टीला खांद्यावर घेतलं आणि अनवाणी गल्लीत पळाली. ऑटो अडवून दवाखान्यात नेलं. मी मागून चपला शोधत होतो.

वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर. पुढचं ते बोलले नाहीत. मी बोलतो आहे, रोज, मनातल्या मनात.

९ डिसेंबर

कोणी मला रागावत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पराग म्हणतो, “बाबा, तुम्ही काहून इतकं घेऊन राहिले मनावर? झोप कोणाले लागत नाही?”

सूनबाईने विचारलं, “बाबा, तुम्ही तिला काही दिलं होतं का? चिवडा, बिस्किट, काही?”

“संत्रं. माझ्या हाताने सोलून.”

“संत्र्याने काही होत नाही,” ती म्हणाली आणि विचारात पडली. मग हळूच म्हणाली, “शारदाबाई सकाळी गल्लीतल्या त्या बँकवाल्यांकडे स्वयंपाक करतात. तिथे कूट कुटतात. हाताला लागून आलं असेल.”

हाताला लागलेलं साबणाने जातं की नाही, कोण जाणे. गॅस बंद आहे का ते बघायला दोनदा उठलो. बंदच होता.

१३ डिसेंबर

सूनबाई कॉलेजात शिकवते, जीवशास्त्रातलं काहीतरी, जंतू आणि पेशी. आज ती एक कागदाची पट्टी घेऊन आली. करोनात नाकात काडी घालून तपासायचे, तशीच. बिस्किटांच्या कारखान्यात यावर तपासतात म्हणे. खाण्याचा कण पाण्यात कालवायचा, थेंब पट्टीवर टाकायचा. एक रेघ आली तर फल्ली नाही. दोन आल्या तर आहे.

“पण हे सगळं टेबलावर मांडून करावं लागतं, बाबा. मला असं पाहिजे की देवू दप्तरात नेईल. वाढदिवसाला गेली, केकचा तुकडा आत टाकला, झाकण फिरवलं, आतच भरडला गेला, औषधाच्या पाण्यात मिसळला आणि थेंब आपोआप पट्टीवर पडला. बाहेरची खोकी मी कॉलेजात छापून घेते. भरडायचा भाग कोणाकडून करून घेऊ? इथले इंजिनियर पोट्टे कागदावर काढून देतात, हाताने कोणी करत नाही.”

मी म्हटलं, “मिरे भरडायची डबी असते तसं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “अगदी तसं. बाबा, तुम्ही कराल?”

निवृत्त झाल्यापासून कोणी मला काम सांगितलं नव्हतं. फार आनंद झाला. मग आठवलं की हा आनंद कशामुळे मिळाला. पोट्टी मरता मरता वाचली म्हणून म्हाताऱ्याला काम मिळालं. जेवण गेलं नाही.

१८ डिसेंबर

गुढियारीला बिसेनच्या लेथवर गेलो. बिसेन माझ्याबरोबर कारखान्यात होता. आता मुलगा दुकान सांभाळतो आणि हा खुर्चीवर बसून मुलाच्या चुका काढतो.

“ढोमणे, इतना छोटा? ये तो गुड़िया का मिक्सर है!”

नायलॉनचा गोळा कातला. आत दातांचा स्क्रू, वर पेचाचं झाकण, खाली जाळी. तिसऱ्या खेपेला जमलं, मग तसेच चार केले. बिसेन म्हणाला, “हाथ अभी मरा नहीं तेरा.” मी त्याला रविवारचं सांगितलं नाही.

परत येताना गुडघ्याचं तेल संपलं होतं म्हणून शेजारच्या घाण्यावर थांबलो. माझी बायको सुशीला होती तेव्हापासून तेल इथलंच. ती त्यात लसूण आणि ओवा टाकून कढवायची. आता मीच कढवतो. घाण्याच्या दारात फल्लीच्या टरफलांचा ढीग पडला होता. मी नाकाला रुमाल लावून, धोतर वर धरून, लांबून वळसा घेतला. कपड्याला एखादं टरफल चिकटून घरात यायला नको. घाण्यावरच्या पोऱ्याने विचारलं, “दादाजी, वही वाला न?” मी म्हटलं, वही वाला. बाटली दारातूनच घेतली.

माणसाने इतकं तरी सांभाळावं.

२१ डिसेंबर, रविवार

काल डबी कॉलेजात पास झाली! सूनबाईने चिक्कीचा तुकडा टाकला, दोन रेघा. शिजलेला भात, एक रेघ. पाणी, एक रेघ. तिने मला फोनवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘इंजिनियर बाबा’. परागने तो नागपूरच्या नातेवाइकांना पाठवला.

एकच अडचण. देवूला झाकण फिरवता येईना. दात घट्ट बसतात. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तोंड लाल झालं. “आबा, ये तो पहलवान के लिए बनाया है.”

मी म्हटलं, “थांब पोट्टी, उद्यापर्यंत लोण्यासारखं करून देतो.”

पेचाला तेल लागतं, दुसरं काय. माझ्याकडे लांब चोचीची कुप्पी आहे, कारखान्यातली. तिच्यात मशीनचं तेल होतं. पण खाण्याच्या वस्तूला मशीनचं तेल लावायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. पोट्टीच्या पोटात जाईल. कुप्पी राखेने घासली, सोड्याने धुतली, उन्हात वाळवली. मग तिच्यात घरचं शुद्ध तेल भरलं, गुडघ्याचंच. पेचाला आणि दातांना दोन-दोन थेंब. झाकण नुसत्या बोटाने फिरायला लागलं. देवू खूश.

सूनबाईने जोडलेल्या चारही डब्यांना लावून ठेवलं. रोज लावत जाईन. तिला सांगितलं नाही. छोट्या छोट्या गोष्टी सांगायला गेलं की आपण मिरवतो आहे असं वाटतं.

सकाळी देवूच्या वेण्या घातल्या. रविवारी माझ्याकडे असतात. ती मान खाजवत होती. म्हणाली, “आबा, आपके हाथ से लहसुन की बास आती है.” म्हटलं, म्हातारपणाचा वास आहे तो.

२४ डिसेंबर

हे लिहू की नको असं झालं आहे.

आज घरी पहिल्यांदा डबी लावली. सूनबाईने शारदाबाईच्या हातचं वरण टाकलं. दोन रेघा.

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. दुसरी डबी घेतली. वांग्याची भाजी. दोन रेघा. तिसरी, पोळी. दोन रेघा.

शारदाबाई ओट्याशी उभी होती. ती गोंदियाकडची, या घरात येऊन तिला खूप वर्षं झाली. सुशीला शेवटच्या दिवसांत उठू शकत नव्हती, तेव्हा तिची अंघोळ, तिचं सगळं हिनेच केलं. सुशीला माझ्या हातचं पाणी प्यायची नाही, हिच्या हातचं प्यायची.

“शारदाबाई,” सूनबाई म्हणाली, “खरं सांगा. बँकवाल्यांकडून हात न धुता येता का?”

“दीदी, मी या घरात पाय ठेवला का आधी हात धुते जी. साबण लावून. बाबूजीले इचारा.”

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. परागनेही पाहिलं. खरं तर मी ती येते तेव्हा गच्चीवर असतो, उन्हात. पण त्याआधी कितीतरी वर्षं पाहिलं आहे. म्हणता आलं असतं, हो, धुते.

मी म्हटलं, “माझं लक्ष नसतं.”

२६ डिसेंबर

शारदाबाई गेली.

सूनबाईने तिला जा म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की काही दिवस मीच स्वयंपाक करून बघते. शारदाबाईने पदराच्या गाठीतली आमच्या मागच्या दाराची किल्ली सोडली आणि ओट्यावर ठेवली.

“तुमची डबी बोलते तं खरं, दीदी. मी बोलली तं कोणी आयकत नाही. मंग तिलेच सांगा आता पोळ्या लाटाले.”

पराग म्हणाला, “शारदाबाई, तुम्ही देवूले वाचवलं, आम्ही विसरलो नाही.”

“विसरले नाही म्हणूनच इतकं देऊन राहिले का?” ती म्हणाली. देवूच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाली आणि मध्येच तो हात मागे घेतला. त्या हाताकडे तिने पाहिलं, जणू तो तिचा नव्हता.

माझ्याकडे वळून म्हणाली, “येते बाबूजी.” मी ‘हो’ म्हटलं. नुसतं ‘हो’. ती गेल्यावर दाराला कडी लागली आहे का ते तीनदा पाहिलं.

मी डबी केली नसती तर कळलंच नसतं. आणि कळलं नसतं तर पोट्टी पुन्हा दवाखान्यात गेली असती. दोन्ही बाजूंनी विचार करतो. दोन्ही बाजूंनी मीच सापडतो.

३० डिसेंबर

सूनबाई कॉलेजाच्या आधी पहाटे उठून स्वयंपाक करते. आज तिच्या हातच्या खिचडीलाही दोन रेघा आल्या. ती खाली फरशीवर बसली.

म्हणाली, मसाल्यांत असेल, कणकेत असेल, शारदाबाईचे हात सगळ्या डब्यांत गेले आहेत. कणीक, हळद, तिखट, डाळी, सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं. पराग म्हणाला, “आता भिंती राहिल्या. त्याही फेकतेस काय?” ती रडली. परागने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चुकलो.

देवू आता बिचकत खाते. घास तोंडाजवळ नेते, थांबते, डबीकडे बघते. डबी केली ती तिने बिनधास्त खावं म्हणून. आज ती दिवसभर दूध आणि मी सोललेलं अर्धं संत्रं एवढ्यावर होती. अर्धं ठेवून दिलं, म्हणाली, ओठ चुरचुरतात, संत्रं खट्टा है.

गालावरही बारीक पुरळ आहे. थंडीने असेल. मी हातानेच थोडं तेल लावून दिलं.

३ जानेवारी, शनिवार

आज छेरछेरा. या मुलुखाचा सण. पोट्टे पिशव्या घेऊन घरोघर “छेरछेरा, माई कोठी के धान ला हेरहेरा” ओरडत, म्हणजे माई कोठीतलं धान काढ म्हणत, फिरतात आणि बाया ओंजळभर धान देतात. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पोरांबरोबर देवूला पाठवायचं की नाही यावर सकाळी वाद झाला. शेवटी पाठवलं, घरी आल्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही या अटीवर.

पिशवी जड करून आली. अंगणात बसून तिने धान ओतलं आणि डबी डबी खेळायला लागली. चिमूटभर धान टाकलं, औषधाचं पाणी टाकलं, झाकण फिरवलं.

“आबा, धान में भी फल्ली है!” आणि हसायला लागली. दोन रेघा.

मीही हसलो. शेतातून कापून आणलेलं, टरफलासकट धान, सात घरांचं मिसळलेलं. त्यात कोण कूट घालतं?

हसू तोंडावरच राहिलं.

कारखान्यात आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. चाकाची जाडी गेज नावाच्या मापाने मोजायची. एक वॅगन नापास झाली तर वॅगन बाजूला काढा. दोन झाल्या तर दोन काढा. पण रांगेतल्या सगळ्याच नापास व्हायला लागल्या तर वॅगनला हात लावू नका, आधी गेज तपासा. हे मी पंचवीस पोरांना शिकवलं असेल.

डबीत नुसतं नळाचं पाणी टाकलं. दोन रेघा.

पेच खोलला. दातांवर बोट फिरवलं, नाकाला लावलं. लसूण, ओवा. आणि त्याच्या खाली दुसरा वास. इतकी वर्षं तो मला माझ्याच अंगाचा वास वाटत होता.

देवूला आत पाठवलं. घाण्यावर फोन लावला. “वही वाला तेल,” मी म्हटलं, “किसका होता है?”

पोऱ्या म्हणाला, “फल्ली का, दादाजी. आप हमेशा वही तो लेते हो. कच्ची घानी.”

मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. सुशीला आणायची तेव्हाही ते फल्लीचंच होतं, मी स्वतः कैकदा सांगून आणलं आहे. पण ती बाटली घरात आली की ते गुडघ्याचं तेल व्हायचं. ते खायचं नव्हतंच. फल्ली बंद म्हटल्यावर मी स्वयंपाकघर झाडून काढलं, फराळाचे डबे उन्हात तापवले, कूट वाटायचं भांडं भंगारात दिलं. माझ्या उशाशी असलेली बाटली मला दिसली नाही.

एक डबी घेतली. साबणाने घासली, गरम पाण्यात उकळली, तेल न लावता जोडली. नळाचं पाणी, एक रेघ. म्हणजे गेज आता बरोबर होता. मग वाटीत थोडं पाणी घेतलं आणि त्यात बोटं बुडवली. सकाळी गुडघे चोळले होते, नंतर हात धुतले होते, म्हणजे आपण धुतो तसे, नुसत्या पाण्याखाली. ते वाटीतलं पाणी डबीत टाकलं.

पहिली रेघ आली. मी देवाचं नाव घेत होतो. मग दुसरी आली, बारीक, मग ठळक.

संत्र्याच्या फोडी. एकेक चिरून, बी काढून.

४ जानेवारी, रविवार

काल कोणाला सांगितलं नाही, हे लिहून ठेवतो. बाटली आणि कुप्पी पिशवीत घातली आणि बूढ़ा तालाबपर्यंत गेलो. टाकून दिलं असतं तर संपलं असतं. तेल गेलं, पुरळ गेलं, डबीत एक रेघ आली. सगळे म्हणाले असते, शारदाबाई गेली आणि घर स्वच्छ झालं. हे मला फार सोपं दिसलं. मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो आणि पिशवी घेऊन परत आलो. चांगला माणूस म्हणून परत आलो असं नाही. ‘येते बाबूजी’ कानात होतं.

आज सकाळी चहाच्या वेळी दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. पाणी, धान, हात, सगळं.

परागने बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही आईनंतर हे तेल सोडतच नव्हते. मले वास येत होता. मले वाटे, आईचा वास आहे, म्हणून मी बोललो नाही.”

सूनबाई कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, “बोल मला. जे बोलायचं ते बोल.”

“तुम्हाला काय बोलू, बाबा?” ती म्हणाली. “घरी मी आधी पाणी टाकून बघायला पाहिजे होतं. कॉलेजात पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, आधी नुसतं पाणी. इथे मी थेट वरण टाकलं. मला कोणी केलं हे शोधायचं होतं. काय झालं हे नाही.”

ती असं काहून म्हणाली मला कळलं नाही. चूक माझी आहे, ती स्वतःवर कशाला ओढून घेते?

देवूला समजावून सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, “मुझे पता था, आबा. आप चोटी करते हो तो खुजली होती है.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“फिर आप चोटी करना बंद कर देते ना.”

मी तिच्यावर ओरडलो. कधी ओरडत नाही, आज ओरडलो. मग गच्चीवर जाऊन बसलो. गुडघ्यांना काही लावलं नाही. ठणकत आहेत, ठणकू देत.

८ जानेवारी

शारदाबाईच्या खोलीवर गेलो, गुढियारीत, रेल्वे लाइनच्या पलीकडे. सूनबाईही आली. कुलूप. शेजारची बाई म्हणाली, बँकवाल्यांनीही काढलं तिला. “पूरे पारा में बात फैल गई न, कि बच्ची को फल्ली खिला दी.” मुलीकडे गेली, गोंदियाच्या बाजूला. कोणतं गाव, शेजारणीला नीट ठाऊक नव्हतं.

बात फैल गई. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. मग आठवलं, सूनबाईच्या मैत्रिणी, परागचं ऑफिस, गल्लीतला दूधवाला. आणि मी. बिसेनला मीच सांगितलं होतं, डबीने चोर पकडला म्हणून. जरा ऐटीतच सांगितलं होतं.

फोन लागतो, कोणी उचलत नाही.

तिथून सूनबाई बँकवाल्यांच्या दारात गेली, मी गल्लीत उभा राहिलो. तिने त्यांना सांगितलं की शारदाबाईची काही चूक नव्हती, आमच्या घरातल्या तेलाचं होतं. ‘सासऱ्याच्या’ म्हणाली नाही. मग मीच आत गेलो आणि म्हटलं, माझ्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सूनबाईने तीळ आणि गूळ नवीन आणून लाडू केले. देवूने स्वतः डबी फिरवली. झाकण आता तेलाशिवाय हलकं फिरतं. बिसेनच्या लेथवर दात थोडे उतरवून आणले. हे आधीच करायला पाहिजे होतं. तेल लावणं सोपं पडलं म्हणून लावलं.

एक रेघ. तिने लाडू खाल्ला, मग दुसरा खाल्ला आणि पाऱ्यातल्या पोरींकडे पळाली, डबी दप्तरात.

संध्याकाळी एक संत्रं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, “आईकडे दे.” ती गेली नाही. मला मोरीवर नेलं, साबण दिला आणि बाजूला उभी राहून बघत होती. “बीच में भी, आबा. उँगलियों के बीच में.” कोपरापर्यंत धुतलं. नखं सूनबाईने कापून दिली. मग सोललं. पहिली फोड डबीत. सगळे तिथे उभे होते.

एक रेघ.

मग तिने माझ्या हातून खाल्लं. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो, ती झोपायला जाईपर्यंत. काही झालं नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. माझ्या हातांना साबणाची संधी मिळाली. दुसऱ्या एका हाताने डोक्यावरून फिरायचं होतं, तो मध्येच मागे गेला, तो मला दिसत होता.

१८ जानेवारी, रविवार

शारदाबाईच्या शेजारणीने आज तिच्या मुलीचा नंबर मिळवून दिला. तिचा जावई उचलतो, ‘हव’, म्हणजे ‘हो’, एवढंच म्हणतो आणि ठेवतो. सूनबाई म्हणाली, मेसेज लिहा बाबा, तिची मुलगी वाचून दाखवेल. फोनवर बोटं चालत नाहीत, म्हणून आधी इथे लिहितो. देवू टाइप करून देणार आहे.

शारदाबाई, नमस्कार. मी अनंतराव, ब्राह्मणपाऱ्यातला. फल्ली तुमच्या हाताला नव्हती, माझ्या हाताला होती. गुडघ्याचं तेल. तेच मी डबीलाही लावलं, म्हणून डबी खोटं बोलली. तुम्ही हात धुऊन घरात येता, हे मी कितीतरी वर्षं पाहिलं आहे. त्या दिवशी लक्ष नसतं म्हणालो, ते खोटं होतं. बँकवाल्यांना सांगितलं आहे. बिसेनला, दूधवाल्याला सांगितलं आहे, आणखी कोणाकोणाला सांगायचं ते तुम्ही सांगा, मी जाईन.

परत या असं लिहिणार होतो. मग वाटलं, तेही मालकाचंच बोलणं झालं. यायचं की नाही ते तुमचं. मागच्या दाराची किल्ली ओट्यावर आहे, तुम्ही ठेवली तिथेच. कोणी उचलली नाही. देवू रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

देवूला घेऊन पळताना तुमच्या पायाला काचेचा तुकडा लागला होता, मी फोडलेल्या बाटलीचा. दवाखान्यात फरशीवर रक्त दिसलं होतं, मी विचारलं नाही. तो पाय बरा झाला का, एवढं तरी सांगा. तुम्हाला बोलायचं नसेल तर मुलीकडून सांगा. शिव्या दिल्या तरी चालेल. पण निरोप पाठवा, शारदाबाई. लवकर पाठवा.